येणाऱ्या गेमची अफवा पारखण्याची कृती

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) या गेमचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी बाजारात आला. सहावा भाग बनतो आहे, हे तो बनवणाऱ्या रॉकस्टार गेम्सने मान्य केले ४ फेब्रुवारी २०२२ ला. मधल्या आठ वर्षांत त्याच्या तारखा, नकाशे, पात्रे आणि किमती यांविषयी रोज काही ना काही फिरत राहिले. त्यातले खरे किती निघाले, याचा हिशेब फार थोड्यांनी ठेवला. तो ठेवायला हवा. या बातम्यांवर जीव लावणाऱ्यांत शाळा-कॉलेजची मुले पुष्कळ आहेत. नवा कन्सोल घ्यायचा की जुन्यावर भागवायचे, साठवलेले पैसे कशासाठी राखायचे, हे त्यांचे निर्णय अशा बातम्यांवर ठरतात. पुढची कृती त्यांच्यासाठी आहे आणि ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्या आई-वडिलांसाठीही. तिला लागते एक वही, एक कॅलेंडर आणि ऐकलेली गोष्ट पुढे पाठवण्याआधी अर्धा तास थांबायची तयारी.

१. अफवा फोडून लिहा

“अमुक गेमचा रीमेक दिवाळीत पीएस ५ वर येतोय.” हे वाक्य एक दिसते, पण त्यात दावे चार आहेत. गेम बनतो आहे. तो रीमेक आहे. तो दिवाळीत येणार. तो पीएस ५ वर, म्हणजे प्लेस्टेशन ५ वर, चालणार. वहीत हे चार दावे चार ओळींवर लिहा आणि प्रत्येकापुढे शेऱ्यासाठी जागा सोडा. संपूर्ण कृतीत सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण अफवा सबंध खरी किंवा सबंध खोटी क्वचितच निघते.

२०२३ च्या मध्याला दक्षिण कोरियात गेमचा वयोगट ठरवणाऱ्या मंडळाच्या यादीत ‘रेड डेड रिडेम्प्शन’ हे नाव नव्याने दिसले. मूळ गेम २०१० चा. चाहत्यांनी लगेच ठरवले की रीमास्टर येतोय. काहींनी तर रीमेकच जाहीर करून टाकला. ७ ऑगस्टला रॉकस्टारने घोषणा केली ती पीएस ४ आणि निन्टेंडो स्विचसाठीच्या साध्या पोर्टची, आणि १७ ऑगस्टला गेम आला. रीमेक म्हणजे गेम पायापासून नव्याने बांधणे. रीमास्टर म्हणजे जुन्याच गेमची चित्रे आणि आवाज सुधारणे. पोर्ट म्हणजे आहे तो गेम दुसऱ्या यंत्रावर चालता करणे. मंडळाच्या यादीने सांगितले होते फक्त नाव. बाकीचे लोकांनी स्वतः भरले आणि घोषणेच्या दिवशी राग मात्र कंपनीवर काढला.

२. उगमापर्यंत जा

एकच गोष्ट वीस चॅनलांवर ऐकली तरी ती वीसदा मोजायची नाही. प्रत्येक ठिकाणी ‘कोणाच्या हवाल्याने’ हे शोधत मागे जा. शेवटी बहुधा एकच माणूस, एकच कागद किंवा एकच चित्र हाती लागते. तो उगम कोणत्या जातीचा आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

वयोगट ठरवणारी मंडळे हा बळकट उगम. अमेरिकेत ईएसआरबी, युरोपात पेगी, तसेच कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील इथल्या यंत्रणा. त्यांच्याकडे गेम पाठवायचा तर त्यात काय आहे ते दाखवावे लागते, म्हणजे दाखवण्याजोगे काहीतरी तयार असते. ‘गेम आहे’ या दाव्यापुढे तुम्ही निर्धास्तपणे बरोबरची खूण करू शकता. तारखेपुढे नाही.

कंपनीचे आतले कागद बाहेर आले तर ते हाताळायची रीत वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या खटल्यातली काही कागदपत्रे चुकून खुली झाली. त्यांत ‘बेथेस्डा’ची पालक कंपनी झेनिमॅक्सची जुलै २०२० मधली योजना होती. ‘ऑब्लिव्हियन’चा रीमास्टर आर्थिक वर्ष २०२२ मध्ये आणि ‘फॉलआउट ३’चा रीमास्टर आर्थिक वर्ष २०२४ मध्ये, असे तिच्यात लिहिले होते. ‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ खरोखर आला, पण २२ एप्रिल २०२५ रोजी. ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीला. ‘फॉलआउट ३’चे साल सरले तेव्हा गेमचा पत्ता नव्हता. म्हणून अशा कागदावर आधी तो कधी लिहिला गेला ते पाहा. त्यातल्या नावांकडे लक्ष द्या, पण कागद जितका जुना, तितका तारखांवरचा विश्वास कमी करा. योजना बदलतात, माणसे सोडून जातात, गेम रद्दही होतात.

२०२१ मध्ये एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाऊ’ या सेवेतून गेमची एक लांबलचक यादी बाहेर आली. यातली काही नावे केवळ अंदाजाने, अंतर्गत चाचणीसाठी घातलेली आहेत, असा खुलासा एनव्हिडियाने केला. खुलासा खोटा म्हणता येत नाही. पण त्याच यादीतला ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आला, ‘क्रोनो क्रॉस’ एप्रिल २०२२ मध्ये, आणि ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ तब्बल चार वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२५ ला. खुलासा वाचताना कंपनी नेमके काय नाकारते आहे ते अधोरेखित करा. ‘यातली काही नावे अंदाजाची’ याचा अर्थ ‘सगळी खोटी’ असा होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एका सुट्या उपकरणांच्या कंपनीने स्विच २ चा नमुना मांडला, तेव्हा निन्टेंडोने ती छायाचित्रे अधिकृत नाहीत एवढेच सांगितले. १६ जानेवारीला खुद्द कंपनीनेच यंत्र जाहीर केले.

मग येतात नावानिशी लिहिणारे पत्रकार. जुलै २०२२ मध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या जेसन श्रायर यांनी लिहिले की नव्या जीटीएत एक स्त्री नायिका असेल आणि गेम मायामीसारख्या शहरात घडेल. डिसेंबर २०२३ च्या ट्रेलरमध्ये लुसिया दिसली आणि व्हाइस सिटीही. अशा बातमीत मला तीन गोष्टी हव्या असतात: लिहिणाऱ्याचे नाव, एकाहून अधिक माहीतगारांचा आधार आणि चूक झाल्यास दुरुस्ती छापणारी संस्था. एवढे असूनही दावे सुटे ठेवा. मार्च २०२१ मध्ये ‘ब्लूमबर्ग’नेच नव्या स्विचला सात इंची ओएलईडी पडदा असेल आणि टीव्हीला जोडल्यावर ४के चित्र मिळेल असे सांगितले होते. जुलैत निन्टेंडोने ओएलईडी मॉडेल दाखवले. पडदा सांगितल्याप्रमाणे सात इंची निघाला, ४के मात्र नव्हते.

निनावी खात्यांवरून आलेली गोष्ट वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. तिच्यापुढे ‘कच्ची’ असा शेरा मारा आणि पुढे चला.

३. चित्राला पुरावा मानण्याआधी थांबा

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’विषयी एक छायाचित्र फिरले. त्यात ‘ग्रिंच’ या चित्रपटाच्या जाहिरातीचे छापील साहित्य होते आणि मागे गेमचा मोठा फलक, त्यावर अजून जाहीर न झालेली पात्रे. ग्रिंचचे साहित्य खरे आहे, असे शोधकर्त्यांना आढळले आणि मग फलकही खराच, असे असंख्य लोकांनी मानले. १ नोव्हेंबरच्या सादरीकरणात निन्टेंडोने केन आणि इन्सिनरोर ही पात्रे दाखवली, ती यादी फलकाशी जुळली नाही आणि तो फलक बनावट ठरला. तेव्हा चित्र पाहताना प्रश्न असा विचारा: यातली जी गोष्ट मी तपासली, तीच अफवेतली मुख्य गोष्ट आहे का? इथे तपासला गेला होता ग्रिंच.

चोरलेल्या चित्रफितींचे प्रकरण मात्र गंभीर आहे. १८ सप्टेंबर २०२२ रोजी जीटीए ६ च्या सुमारे नव्वद चित्रफिती बाहेर आल्या आणि दुसऱ्या दिवशी रॉकस्टारने चोरी झाल्याचे कबूल केले. चित्रफिती अस्सल होत्या. तरीही त्यांवरून ‘ग्राफिक्स फालतू’ असे निकाल देणाऱ्यांनी त्या लोकांवर अन्याय केला, जे वर्षानुवर्षे खपून अर्धवट अवस्थेतला गेम बांधत होते. घडणीच्या काळात पात्रे ओबडधोबड असतात, भिंतींना रंग नसतो, पडद्यावर चाचणीचे आकडे पळत असतात. असे काही हाती आले तर वहीत ‘अस्सल, अपूर्ण’ लिहा. पुढे पाठवू नका.

४. तारीख कॅलेंडरला लावून पाहा

निन्टेंडो, युबिसॉफ्ट आणि रॉकस्टारची पालक कंपनी टेक-टू यांचे आर्थिक वर्ष आपल्याकडच्यासारखेच ३१ मार्चला संपते. मायक्रोसॉफ्टचे ३० जूनला. ‘या आर्थिक वर्षात’ हे शब्द दिसले की आधी हा हिशेब करा. ७ मे २०२४ रोजी निन्टेंडोचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी सांगितले की स्विचच्या पुढच्या यंत्राची घोषणा या आर्थिक वर्षात होईल. अनेकांनी ती विक्रीची मुदत समजली. प्रत्यक्षात घोषणा मुदतीत, जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि यंत्र दुकानात आले ५ जून २०२५ ला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात.

कॅलेंडरवर तिमाही निकालांचे दिवसही टिपा. जीटीए ६ आधी २०२५ मध्ये यायचा होता. २ मे २०२५ ला तो २६ मे २०२६ वर गेला. मग ६ नोव्हेंबर २०२५ ला, टेक-टूचे निकाल लागले त्याच दिवशी, १९ नोव्हेंबर २०२६ वर. निकालांच्या आगेमागे तारखा हलतात, कारण गुंतवणूकदारांना पुढच्या कमाईचा अंदाज द्यावा लागतो. निकाल आठवड्यावर आले असताना कोणी ‘पक्की तारीख’ सांगत असेल, तर तेवढा आठवडा थांबा.

अधिकृत तारखेपुढेही ‘ठाम’ लिहू नका. ‘सायबरपंक २०७७’ने २०२० सालात १६ एप्रिल, १७ सप्टेंबर, १९ नोव्हेंबर आणि अखेर १० डिसेंबर अशा चार तारखा पाहिल्या. १९ नोव्हेंबरची तारीख तर ‘गोल्ड’ जाहीर झाल्यावर, म्हणजे मुख्य आवृत्ती तयार झाल्याचे सांगितल्यावर, पुढे ढकलली गेली. आपल्या घराजवळचे उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकचे. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे दिलेला हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये २१ जानेवारी २०२१ या तारखेसह जाहीर झाला. तारीख १८ मार्चवर गेली, मग बेमुदत, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवण्यात आले. घोषणा खुद्द कंपनीची, ट्रेलर खरा, तारीख छापलेली, आणि तरी हे घडले. इथल्या तरुणांनी त्या गेमवर मेहनत घेतली होती. तारीख हुकल्यावर चेष्टा करण्यापूर्वी हे आठवावे, असे मला कळकळीने वाटते.

५. जी अफवा आवडली, तिला जास्त प्रश्न विचारा

२०२१ मध्ये ‘अबँडन्ड’ नावाचा एक छोटा गेम जाहीर झाला. बनवणारा स्टुडिओ फारसा कोणाला ठाऊक नव्हता. हा स्टुडिओ म्हणजे नामवंत गेम-निर्माते हिदेओ कोजिमा यांचा बुरखा आहे आणि खरा गेम ‘सायलेंट हिल’ या भयपट मालिकेतला आहे, अशी समजूत चाहत्यांनी रचली. स्टुडिओने नाकारले, तर नकार हाही डावाचा भाग ठरला. जिथे होकार आणि नकार दोन्ही पुरावा होतात, तिथे पुरावा उरतच नाही. वहीत अफवेखाली एक ओळ जरूर लिहा: ‘काय घडले तर मी ही चुकीची मानेन?’ उत्तर सुचत नसेल तर अफवा खोडून टाका.

उलट बाजूही लक्षात असू द्या. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि प्रत्येक मोठ्या सादरीकरणात तो दिसला नाही की ‘रद्द झाला’ अशी हाकाटी उठे. अॅडलेडची टीम चेरी ही मोजक्या माणसांची कंपनी शांतपणे काम करत होती. ४ सप्टेंबर २०२५ ला गेम आला; तारीख कळली फक्त दोन आठवडे आधी.

६. शेरा मारा, आणि परत येऊन पाहा

प्रत्येक दाव्यापुढे ‘ठाम’, ‘शक्य’ किंवा ‘कच्ची’ यांपैकी एक शब्द, ऐकल्याची तारीख आणि उगम. महिन्यातून एकदा वही उघडा. पन्नास भाकिते करून बरोबर आलेली दोन मिरवणारी आणि बाकीची पुसून टाकणारी खाती यातून आपोआप उघडी पडतात. तुमच्या वहीतली ओळ त्यांना पुसता येत नाही.

७. पैसा आणि फोन सांभाळा

२ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. नोव्हेंबरात भारतासाठी वेगळी आवृत्ती येणार असे कंपनीने सांगितले आणि तेव्हापासून ‘पबजी इंडिया आला’ म्हणत बनावट एपीके फायली हातोहात फिरल्या. खरी नोंदणी सुरू झाली १८ मे २०२१ ला, गूगल प्ले स्टोअरवर, आणि ती आवृत्ती बीजीएमआय या नावाने आली २ जुलै २०२१ ला. नोंदणी सुरू होण्याआधी ‘पबजी इंडिया’ म्हणून फिरलेली प्रत्येक फाईल फसवी होती. आज तीच चाल जीटीए ६ च्या नावाने खेळली जाते. रॉकस्टारने या गेमसाठी जाहीर केलेली यंत्रे आहेत पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस. ‘मोबाइल बीटा’ देणारी लिंक कोणी पाठवली तर ती उघडू नका आणि घरातल्या लहानांना हे समजावून सांगा.

प्री-ऑर्डर करण्याआधी परताव्याचा नियम वाचा. स्टीमवर आगाऊ घेतलेला गेम तो येण्यापूर्वी कधीही परत करता येतो. आल्यावर, तो आल्याच्या दिवसापासून चौदा दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, ही मर्यादा. इतर दुकानांचे नियम याहून कडक असू शकतात. डिजिटल प्रत संपत नाही, त्यामुळे तिच्यासाठी रांगेत उभे राहायची घाई नको. गेम येऊ द्या, दोन दिवस लोकांना खेळू द्या, तुमच्या यंत्रावर तो नीट चालतो का ते बघा आणि मगच पैसे द्या.