उसाच्या ट्रॉलीमागे रात्रीची मोटारसायकल

प्रश्न : नोकरीसाठी नांदेडला जातो, परतायला रात्र होते. पूर्णा कारखान्याचे गाळप सुरू झाले, की उसाच्या ट्रॉल्यांची धास्ती वाटते. काय करावे? (एक वाचक, वसमत)

उत्तर : धास्ती रास्त आहे. अशा ट्रॉलीला अनेकदा मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही लोंबणाऱ्या उसाखाली झाकला जातो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढे अंतर संपते. म्हणून समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले, की आधी वेग उतरवा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. ओव्हरटेक करताना पुढे दुसरी ट्रॉली जोडलेली आहे, असेच गृहीत धरा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, पट्टा लावलेले. मागे बसणाऱ्यालाही तेच. रात्री काळी काच अजिबात नको.