धंदेशिक्षण घेतलेल्या मुलास पुढची विद्या साधते काय?

परीक्षांचे निकाल लागले व मृगाचे दिवस जवळ आले म्हणजे शेतकऱ्याच्या घरी दोन विवंचना एकदम उभ्या राहतात. एक बियाण्याची व दुसरी मुलाच्या शिक्षणाची. बियाण्याची पिशवी घेताना उगवणीचा टक्का वाचून पाहणारा चौकस मनुष्य मुलाचे नाव कोठे घालावयाचे हे मात्र पुष्कळदा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवितो. घरात दोन मुलगे असले तर हुशार तो कॉलेजात व मागे पडलेला तो आयटीआयत, अशी वाटणी ठरूनच गेलेली असते. जणू औद्योगिक प्रशिक्षण संस्था ही विद्येची पायरी नसून, जो विद्येस नालायक ठरला त्यास बसवून ठेवण्याची जागा आहे! मुलासही हे कळते. आणि ज्यास शिक्षा म्हणून एखाद्या ठिकाणी पाठविले तो तेथे मन लावून शिकेल अशी आशा करणे व्यर्थ होय.

ही वाटणी आता परवडण्यासारखी राहिलेली नाही. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील वहितीधारणेचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरांवर आले. एवढ्या जमिनीवर दोन भावांचे दोन संसार केवळ पिकाच्या आधारे चालावयाचे नाहीत, हे आमच्या वाचकांस आकड्यांवाचूनही ठाऊक आहे. तेव्हा हाताचा धंदा शिकलेला मुलगा पुढे पदवीपर्यंत जाऊ शकतो काय, व त्याचा चरितार्थ नीट चालतो काय, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहो. मुलगा म्हणजे मुलगीही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम वाट आहे किंवा नाही ते पाहू. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास आपल्या राज्यात तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची सोय आहे. आणि पदविका झालेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. हिशेब करून पाहा. दहावीनंतर आयटीआयची दोन, पदविकेची उरलेली दोन व पदवीची उरलेली तीन, अशी सात वर्षे होतात. बारावीच्या वाटेने गेलेल्यास दोन व चार मिळून सहा लागतात. म्हणजे हाताचा धंदा शिकून पदवीस पोहोचणाऱ्यास एकच वर्ष अधिक पडते, आणि त्या वर्षाच्या मोबदल्यात वाटेत दोन ठिकाणी पोट भरण्यापुरती विद्या त्याच्या पदरात पडलेली असते. घरात अडचण आली, दुष्काळ पडला, तर तो त्या पायरीवर थांबू शकतो. बारावीच्या वाटेवर अशी विसाव्याची जागा नाही. सरळ दहावीनंतर पदविकेस जाणाऱ्याचे तर तीन व तीन मिळून सहाच वर्षांत काम होते.

पण ह्यात एक मेख आहे व ती प्रवेशाच्या वेळी फारसे कोणी सांगत नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एका वर्षाचे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाने धंदा येतो, वरील पायरी मिळत नाही. घरी ट्रॅक्टर आहे म्हणून मुलास ट्रॅक्टर मेकॅनिक करणे वावगे नाही. मात्र तो पुढे शिकावा अशी इच्छा असेल तर निवड करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

आता वाट आहे म्हणून वाटसरू पोहोचतोच असे नाही. थेट दुसऱ्या वर्षात गेलेले विद्यार्थी बहुधा कोठे अडतात? कर्मशाळेत नव्हे. तेथे ते इतरांच्या पुढेच असतात. ते अडतात गणितात. ज्या काळात बारावीची मुले कलनगणित घोकत होती त्या काळात ह्यांच्या हातात कानस होती. शिवाय धंदा शिकविणाऱ्यांत व शिकणाऱ्यांत एक समजूत रुजलेली आहे, की हात चालला म्हणजे पुरे, आकडेमोड साहेबाने करावी. ही समजूत धंद्याचाही घात करते, हे आम्ही विहिरीवरील एका साध्या उदाहरणाने दाखवितो.

समजा, विहिरीचे पाणी २० मीटर उंच चढवून २०० मीटर लांबीच्या पाइपाने शेतात न्यावयाचे आहे व सेकंदास ९ लिटर पाणी हवे आहे. पाइपाचा आतील व्यास १०० मिलिमीटर म्हणजे साधारण चार इंच असला, तर गुळगुळीत प्लास्टिकच्या पाइपात घर्षणामुळे सुमारे अडीच मीटर उंचीइतका दाब खर्च होतो. पंपास एकूण साडेबावीस मीटर उचल करावी लागते. पैसे वाचविण्याकरिता ७५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची, पाइप घातला तर तेवढेच पाणी नेण्यास घर्षणाचा तोटा दहा मीटरांच्या जवळपास जातो व एकूण उचल तीस मीटर होते. व्यास पाऊण झाला आणि तोटा चौपट! कारण हा तोटा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जुना पंप तीस मीटरांवर पूर्ण पाणी देऊ शकत नाही. शेतकरी म्हणतो पंप बिघडला. मेकॅनिक येतो, पंप खोलतो, वॉशर बदलतो, पैसे घेतो, आणि पाणी वाढत नाही. त्याचा हात वाईट नाही. घात म्हणजे काय हे त्यास कोणी शिकविलेले नाही, एवढेच. ज्या मुलास ते कळले तो पंप न उघडता दोष सांगेल, गावातील दहा विहिरींचे नकाशे करून देईल, आणि हाच मुलगा पुढे तंत्रनिकेतनात द्रवयांत्रिकीचा धडा निघाला म्हणजे चकित होणार नाही. त्याने तो धडा चिखलात उभे राहून अगोदरच वाचलेला असतो.

आमच्या म्हणण्याचा रोख एवढाच आहे. धंदेशिक्षण पुढच्या विद्येस नेते. पण हाताच्या कामाबरोबर मोजमाप, रेखाटन व लेखन चालले तरच नेते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले त्यात प्राथमिक शाळेकरिता सांगितलेल्या विषयांत मोडी व बालबोध वाचन-लेखन व हिशेब यांच्या जोडीसच शेतीचे मूलज्ञान घातलेले आहे. एकास एक व दुसऱ्यास दुसरे, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

ज्यांच्या नांगरामुळे किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्याच्या घरी पोहोचले, त्या लक्ष्मणरावांचे चरित्रही ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. काही रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळल्यामुळे चित्रकार होण्याचा विचार सोडावा लागला. परंतु यांत्रिक रेखाटन त्यांनी पक्के केले, आणि त्याच्या जोरावर १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढे बेळगावास सायकलींच्या दुकानापासून कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर व १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना येथपर्यंत ते गेले. पदवी त्यांजपाशी नव्हती. पण परदेशी नांगर समोर ठेवून त्याचे भाग कागदावर उतरविणे व आपल्या जमिनीस साजेल असा फरक करणे हे रेखाटनावाचून होत नाही. नुसत्या घणाने ते झाले नसते.

परदेशात ही गोष्ट शेतीच्या धंद्यासही कशी लागू केली आहे ते जर्मनीत दिसते. तेथे 'शेतकरी' हा रीतसर उमेदवारी करून मिळविण्याचा धंदा आहे. १९६९ च्या धंदेशिक्षणाच्या कायद्याखाली सामान्यतः तीन वर्षांची उमेदवारी असते. मान्यताप्राप्त शेतावर काम करावयाचे व त्याबरोबर धंदेशाळेत जावयाचे. शेतकऱ्याचा मुलगाही ह्यातील काही काळ बहुधा परक्याच्या शेतावर काढतो, आणि ते आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. बापाच्या हाताखाली चुका लपतात. प्रत्येक उमेदवाराने कामाची नोंदवही ठेवावी लागते. आज काय केले, का केले, किती लागले, हे लिहावयाचे. ती वही नसेल तर शेवटच्या परीक्षेस बसू देत नाहीत. त्यानंतर काही वर्षे काम करून 'मास्टर' ही परीक्षा देता येते. तीत पिकांबरोबर शेताचा हिशेब व उमेदवार शिकविण्याची कला हेही विषय असतात. २००९ साली तेथील राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठराव करून मास्टर झालेल्यास विद्यापीठाचे दार उघडले; शाळेतील शेवटची परीक्षा त्याने दिलेली नसली तरी चालते. म्हणजे नांगर धरून, वही लिहून, मनुष्य विद्यापीठात जाऊ शकतो. आमच्याकडे शेतीचे काम हे शिक्षण गणलेच जात नाही. ते फक्त सुटीत मुलाकडून करून घ्यावयाचे असते.

आपल्याकडे असा प्रयत्न मुळीच झाला नाही असे मात्र नव्हे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला व मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेत काम केलेला हा गृहस्थ कोरडवाहू गावात येऊन राहिला, तो शाळेतून गळालेल्या मुलांस करता करता शिकविण्याकरिता. लोखंडकाम व बांधकाम, वीज, शेती व पशुपालन, घर व आरोग्य हे सर्व विषय एकाच मुलास शिकवावयाचे, आणि तेही खऱ्या कामावर, ज्याचे पैसे कोणी तरी देणार आहे अशा कामावर. मातीची परीक्षा करणारा मुलगा रसायनशास्त्र शिकतो, हे तेथे त्यास मागाहून कळते. ह्या धर्तीचा अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांतूनही सुरू झाला. आपल्या गावच्या शाळेत तो आहे काय ह्याची चौकशी आमच्या वाचकांनी करावी. नसल्यास शाळेच्या समितीपुढे हा विषय काढण्यास हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही धंदेशिक्षण सामान्य शिक्षणात मिसळावे असे म्हटले आहे; धोरण कागदावरून वर्गात यावयास गावचे लोकच मागे लागले पाहिजेत.

शेतकी विद्येविषयी थोडे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ह्या चार कृषिविद्यापीठांच्या पदवीक्रमात शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यास गावात राहून शेतकऱ्यांबरोबर कामाचा अनुभव घ्यावा लागतो. हे विद्यार्थी आपल्या गावी आले म्हणजे त्यांस चहा पाजून व सही देऊन वाटेस लावण्याची जी रीत पडली आहे ती सोडून, त्यांस फवाऱ्याचे प्रमाण काढावयास लावावे, घरच्या मुलास त्यांच्याबरोबर धाडावे. दोघांचेही कल्याण होईल. नुसत्या काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रांविषयी मात्र सावध राहावे. शेळीपालन, रोपवाटिका, दुधाचे पदार्थ अशा लहान वर्गांचा प्रौढ शेतकऱ्यास उपयोग आहे; सोळा वर्षांच्या मुलाचे शिक्षण म्हणून ते पुरेसे नाहीत.

प्रवेश घेण्यापूर्वी बापाने स्वतः संस्थेत जाऊन यावे, व जाताना मुलास बरोबर न्यावे. संस्थेस सरकारी मान्यता आहे काय व मिळणारे प्रमाणपत्र राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे काय, हे विचारावे. कर्मशाळेतील यंत्रे चालू आहेत की त्यांवर धूळ आहे, हे विचारण्याचे कारण पडत नाही, डोळ्यांनी दिसते. शिकणाऱ्या मुलांच्या वह्या मागाव्यात. त्यांत मापे घातलेली रेखाटने मुलांच्या हातची असली तर नाव घालावे. फळ्यावरून उतरविलेली एकसारखी उत्तरेच असली तर दुसरी संस्था पाहावी. नाव घातल्यावर गणित व इंग्रजी ह्या दोन विषयांकरिता रोज संध्याकाळी एक तास राखून ठेवावा, आणि सुगीच्या दिवसांतही त्या तासास मुलास गोठ्यात बोलावू नये.