टर्बो बसविलेली जुनी मोटार दम का टाकते? तपासणीचा क्रम

शहापूर, कल्याण व भिवंडी या तीन तालुक्यांतील पुष्कळ जमीन समृद्धी महामार्गाकडे गेली. या मार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोबदल्याच्या रकमेतून कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी घर बांधले, आणि पुष्कळांनी दारात जुनी डिझेल मोटार आणून उभी केली. मोटार घेणे गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु जमिनीचा पैसा एकदाच येतो, आणि तो गॅरेजात थोडाथोडा करून कसा जातो हे आम्ही डोळ्यांनी पाहत आहो.

तक्रार बहुधा एकच असते. गाडी सपाटीवर बरी चालते, पण माळशेजच्या अगर कसाऱ्याच्या घाटात ओढत नाही. पुढील ट्रकला मागे टाकावे म्हणून पाय दाबला तर क्षणभर अडखळते, झटके मारते. मालक गॅरेजात जातो, आणि मेकॅनिक बॉनेट उघडून सांगतो की, टर्बो गेला. नवा टर्बो बसविण्यास कित्येक हजार रुपये लागतात. तो बसवूनही गाडी पूर्ववत अडखळते, अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

आम्ही महसुली दप्तरात नोकरी केली. तेथे फेरफाराची तक्रार आली म्हणजे प्रथम मूळ नोंद पाहावयाची, मग जागेवर जावयाचे, आणि शेवटी निकाल द्यावयाचा, असा क्रम असे. मोटारीच्या चौकशीसही असाच क्रम असावा. जे पाहण्यास फुकट आहे ते आधी, ज्यास थोडा खर्च आहे ते नंतर, व टर्बो सर्वांच्या शेवटी. सोसायटीच्या सभासदांबरोबर कल्याण-मुरबाड रस्त्यावरील गॅरेजांत बसून जे पाहिले व विचारून घेतले, ते त्या क्रमाने येथे मांडीत आहो.

१. टर्बोचे काम

एक लिटर डिझेल पुरते जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. इंजिन लहान असले म्हणजे त्यास स्वतःच्या ओढीने एवढी हवा घेता येत नाही. सबब बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने काढली व १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. हाच टर्बो होय. मोटारीतील टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो, व तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला इंटरकूलर नावाच्या जाळीतून नेऊन थंड करतात व मग इंजिनात सोडतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. टर्बो हा हवा, डिझेल, धूर आणि तेल या चौघांच्या मध्ये बसलेला आहे. चौघांपैकी कोणाचीही वाट अडली की टर्बो ढिला पडल्यासारखा दिसतो.

२. दोष आहे काय व तो इंजिनाचाच आहे काय

प्रथम स्वभाव व दोष यांतील फरक ओळखावा. २००७ पासून स्विफ्टमध्ये व नंतर डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत आलेले फियाटच्या बनावटीचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन आपल्याकडील जुन्या बाजारात फार आढळते. त्यात सुमारे २,००० फेऱ्यांखाली ओढ कमीच असते; काटा त्यावर गेला की गाडी एकदम उचल घेते. हा त्याचा स्वभाव आहे. चढावर वेळीच खालचा गिअर घालावा, एवढाच त्यावर इलाज.

दुसरे, क्लच पाहावा. चढावर पाय दाबताच फेऱ्यांचा काटा वर जातो पण वेग वाढत नाही, आणि जळल्याचा वास येतो, तर क्लच घसरत आहे. इंजिनास दोष देऊ नये. तिसरे, आठदहा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. एकच चाक फार तापलेले असेल तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे.

३. धुराची साक्ष

मागे एक माणूस उभा करून धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. पांढरा धूर थंडीत सुरू करताना क्षणभर आला तर चिंता नाही; परंतु तो टिकून राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर पाणी इंजिनात शिरत आहे असा संशय घ्यावा. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, अशा वेळी बहुधा डिझेलच पुरेसे पोहोचत नाही, अगर गाडीच्या संगणकाने स्वतः होऊन शक्ती रोखून धरलेली असते.

४. हवेची वाट

काळा धूर असेल तर येथून आरंभ करावा. एअर फिल्टर काढून उजेडापुढे धरावा. कल्याण-भिवंडीकडील वीटभट्ट्यांच्या व कच्च्या रस्त्यांच्या धुळीत तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपूर्वीच भरतो.

नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप पाहावे. इंजिन बंद व थंड असताना पाइपाच्या खालच्या बाजूने हात फिरवावा. आत तेलाचा किंचित ओशटपणा असणे स्वाभाविक आहे. पण बाहेरून एखाद्या ठिकाणी तेल व धूळ यांचा चिकट थर दिसला तर तेथे चीर आहे अगर क्लँप ढिला आहे असे समजावे. ही चीर उभ्या गाडीत मिटलेली असते व दाब आला की उघडते. म्हणून नुसत्या नजरेने ती सापडेलच असे नाही. चढावर पाय दाबल्यावर फुसफुस अगर नवी शिट्टी ऐकू येते काय हे पाहावे. गॅरेजात हवेच्या वाटेत बेताचा दाब भरून जोडांवर साबणाचे पाणी सोडले म्हणजे सायकलच्या ट्यूबचे छिद्र सापडावे तसा दोष सापडतो. एका सभासदास एका गॅरेजात टर्बो बदलावयास सांगितले होते. या परीक्षेत इंटरकूलरजवळचा क्लँप सुटलेला निघाला.

टर्बोवर दाबाचे नियमन करणारा एक लहान दांडा असतो, व पुष्कळ गाड्यांत तो बारीक रबरी नळीने ओढला जातो. मोटार पेंढ्याच्या उडवीजवळ अगर भाताच्या कोठीशेजारी उभी राहत असेल तर ही नळी उंदीर कुरतडतात. ज्या गाडीत दांडा निर्वाताने ओढला जातो, तेथे इंजिन सुरू होताच तो हलताना दिसतो. न हलल्यास प्रथम नळीच पाहावी.

५. डिझेलची वाट

कमी वेगात गाडी ठीक, ओझे पडले की अडखळते, आणि पाय सैल करताच पुन्हा सावरते, ही डिझेल फिल्टर तुंबल्याची खूण आहे. आपल्याकडे याचे एक विशेष कारण आहे. पॉवर टिलर व पंपासाठी पिंपात साठविलेले डिझेल अडचणीच्या वेळी मोटारीत ओततात. पावसाळ्यात अशा पिंपात पाणी सुटते, तळाशी गाळ बसतो. टिलरचे साधे इंजिन ते सोसते. नव्या पद्धतीच्या मोटारीत डिझेल वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाने फवारले जाते, व तेथे पाण्याचा थेंबही इंजेक्टरास घातक ठरतो. सबब पिंपातील डिझेल मोटारीत घालू नये, आणि फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी सोडावे.

फिल्टर नवा घालूनही दोष राहिला तर इंजेक्टरांची परत येणाऱ्या डिझेलवरून परीक्षा करवावी. प्रत्येक इंजेक्टराच्या परतीच्या नळीस बाटली लावून इंजिन चालवितात. ज्याची बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते तो झिजलेला होय. हे काम जाणत्या माणसानेच करावे. इंजिन चालू असता डिझेलचा पाइप ढिला करू नये. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, व जखम लहान दिसली तरी बोट अगर हात गमावण्याचा प्रसंग येतो.

६. धुराची वाट

धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर नावाची झडप असते. ती काजळीने उघडीच अडकली तर स्वच्छ हवेची जागा धूर घेतो. गाडी खालच्या फेऱ्यांत मंद होते व काळा धूर टाकते. झडप काढून साफ करणे हे मोठ्या खर्चाचे काम नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून विकलेल्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणीही असते. ती भरली की गाडी स्वतः ती काजळी जाळते, व त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कल्याण-शीळ रस्त्यावर अगर घोडबंदर रस्त्यावर रांगत चालणाऱ्या गाडीस ही उष्णता मिळत नाही; गाळणी तुंबते व शक्ती घटते. इशाऱ्याचा दिवा लागताच नाशिक महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. ते होऊन परत आल्यावर गाडी पेंढ्यावर अगर वाळल्या गवतावर उभी करू नये; तापलेल्या नळीने खळे पेटण्याची भीती असते.

पेट्रोल टर्बो गाड्यांत धक्के बसत असतील तर प्रथम स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल तपासावे. हवेच्या वाटेविषयी वर सांगितलेले त्यांसही लागू आहे.

७. शेवटी टर्बो

वरील सर्व निर्दोष ठरल्यावर टर्बोकडे वळावे. इंजिन थंड करून हवेकडील पाइप काढावा व चक्राचा दांडा बोटांनी हलवावा. आजूबाजूस अगदी किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. परंतु दांडा पुढेमागे सरकत असेल, अगर चक्राची पाती भिंतीस घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखरच गेला.

तरीही चौकशी येथे संपत नाही. टर्बो क्वचितच आपण होऊन मरतो. तेल कमी पडले, तेल घाण झाले, अगर फिल्टर फाटून खडा आत गेला, म्हणून तो मरतो. तेल पोहोचविणारी बारीक नळी साफ न करता, इंजिनाचे तेल व फिल्टर न बदलता, इंटरकूलरात साचलेले तेल न काढता नवा टर्बो बसविला, तर तोही त्याच वाटेने जातो.

टर्बोतून तेल गळू लागल्यावर गाडी तशीच चालवू नये. डिझेल इंजिन कधीकधी ते गळलेले तेल जाळूनच आपोआप वेग घेते, आणि चावी बंद करूनही थांबत नाही. असे झाल्यास ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर घालावा व क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. बॉनेट उघडून वर वाकू नये.

८. संगणकाची नोंद

स्टिअरिंगखालच्या सॉकेटास स्कॅनर लावला म्हणजे नोंदविलेल्या दोषांचे क्रमांक दिसतात. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी ००८७ म्हणजे डिझेलचा दाब कमी, पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधील प्रवाह अपुरा. मात्र ही नोंद तक्रार अर्जासारखी समजावी. तो निकाल नव्हे. दाब कमी आहे एवढे ती सांगते. तो फाटक्या पाइपाने, कुरतडलेल्या नळीने की टर्बोने कमी झाला, हे सांगत नाही. विकणारा पुष्कळदा नोंदी पुसूनच गाडी दाखवितो. नुकत्याच पुसल्या असतील तर स्कॅनरात काही तपासण्या अपूर्ण दिसतात. सबब घाट चढून आल्यावर पुन्हा एकदा नोंद पाहावी.

९. घेण्यापूर्वीची पाहणी

गाडी आधी तापवून ठेवू नये असे विकणाऱ्यास बजावावे, व थंड इंजिन स्वतः सुरू करून धूर पाहावा. नंतर चढाचा रस्ता घ्यावा. ठाणेकरांस गायमुखचा चढ, डोंबिवलीकरांस मुंब्रा बायपास, आणि कल्याण-मुरबाडकरांस माळशेज घाट सोयीचा आहे. माणसे पुरी बसवावी. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांपासून ३,००० पर्यंत ओढ न तुटता वाढली पाहिजे.

२६ व २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हे वाचकांस आठवत असेल. अशा पुरांत भिजलेल्या गाड्या पुढे धुऊन विकल्या जातात. सीटखालचा गाळ, पट्ट्याच्या आतील डाग व तारांच्या जोडांवरील हिरवी बुरशी पाहावी. भिजलेल्या सेन्सरांमुळे येणारे अडखळणे फार चिवट असते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. एमएच ०४ असो वा एमएच ०५, तेल कोणत्या किलोमीटरवर बदलले याची पावती मागावी. बहुतेक गाड्यांत १०,००० किलोमीटर अगर एक वर्ष, यांपैकी आधी येईल ती मुदत असते.

गॅरेजात जाण्यापूर्वी सभासदांनी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्या: दोष केव्हा येतो, कोणत्या गिअरात, किती फेऱ्यांवर, धुराचा रंग कोणता, व आवाज कसला. कोणताही भाग बदलण्यापूर्वी, तो निकामी आहे हे कोणत्या परीक्षेवरून ठरले हे मेकॅनिकास विचारावे, आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. जाणता कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडून टर्बो बदलवून घेण्यापूर्वी गाडी दुसऱ्या एखाद्यास दाखवावी, अशी आमची सूचना आहे.