हाताने घडवलेल्या दागिन्यांची स्पर्धा: करमाडहून भाग घ्यायला खरा खर्च किती?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'प्रवेश शुल्क फक्त २०० रुपये.' तुम्हीही मनात दोनशेच धरता. पण साहित्य, शहराच्या खेपा, डबी, स्टँड, पार्सल असं एकेक जोडत गेलात की तीच स्पर्धा हजाराच्या वर जाते. त्यामुळे नाव नोंदवण्याआधी कागद-पेन घ्या आणि पूर्ण हिशोब मांडा.

कुठे आणि कधी

करमाडच्या बाईला सगळ्यात सोपी स्पर्धा म्हणजे संक्रांतीची: हलव्याचे दागिने. महिला मंडळं, बचत गटांचे मेळावे, शाळांमधले हळदीकुंकवाचे कार्यक्रम यांत ती भरते. काळ मकरसंक्रांत ते रथसप्तमीचा. घोषणा डिसेंबरच्या शेवटी होते आणि तयारीला जेमतेम पंधरा दिवस मिळतात. दुसरा मोसम नवरात्राचा, तिसरा ८ मार्चच्या महिला दिनाचा. तेव्हा मोती, रेशीमधागा, खण, पैठणीचं कापड, टेराकोटा असं काहीही चालतं. वृत्तपत्रांचे महिला मंचही छत्रपती संभाजीनगरात असे कार्यक्रम घेतात. तिथे स्पर्धेचं शुल्क वेगळं आणि मंचाचं वार्षिक सभासदत्व वेगळं असू शकतं. 'सभासदांसाठी मोफत' असं लिहिलेलं असेल तर सभासद व्हायला किती पैसे पडतात, ते आधी विचारा.

याच्या वरची पायरी राष्ट्रीय स्पर्धांची. जेम अँड ज्वेलरी एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल 'द आर्टिसन अवॉर्ड्स' भरवते. तिथे सुरुवात कागदावरच्या डिझाइननं होते, म्हणजे पहिल्या टप्प्याला सोनं-चांदी लागत नाही, चांगलं रेखाटन लागतं. केंद्र सरकारचे राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्कार आहेत, पण ते मुरलेल्या कारागिरांसाठी. वय आणि अनुभवाची अट असते, आणि हातात कारागीर ओळखपत्र हवं.

पहिल्यांदाच भाग घेत असाल तर संक्रांतीची स्पर्धा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. साहित्य स्वस्त, वस्तू त्याच दिवशी परत, आणि परीक्षकांचं बोलणं समोरासमोर ऐकायला मिळतं.

हलव्याचा हिशोब

पाव किलो पांढरा हलवा साधारण शंभर रुपयांच्या आसपास. त्यात बाईचा बेताचा संच निघतो: हार, नथ, बिंदी, बांगड्या, बाजूबंद. बोरन्हाणाचा बाळाचा संच, म्हणजे मुकुट, हार, मनगट्या, बासरी, याला त्याहून कमी लागतो. शिवाय काळं किंवा लाल कापड, पुठ्ठा, जर, टिकल्या, दोरा आणि डिंक मिळून दीडशे-दोनशे. हाताने फुलवलेला काटेरी हलवा महाग पडतो, पण घ्या तोच. त्याच्या काट्यांत दोरा अडकतो, गुळगुळीत हलव्यावरून तो घसरतो.

बांधण्याची पद्धत अशी. दोरा दुपदरी घ्यायचा, दोन्ही पदरांच्या मधे दाणा धरायचा, आणि दाण्याच्या लगेच पुढे गाठ मारायची. पुन्हा दाणा, पुन्हा गाठ. गाठ सैल राहिली की दाणा फिरतो, फार ओढली की काटे मोडून पांढरा चुरा दोऱ्यावर बसतो. एका लांब हाराला एक संध्याकाळ सहज जाते. घाईत सगळं डिंकानं चिकटवण्याचा मोह होतो. पुठ्ठ्यावरच्या बाजूबंदाला ते ठीक आहे, पण लोंबत्या हारात परीक्षक दाणे हलवून बघतात आणि चिकटवलेले लगेच कळतात. ओल्या डिंकानं हलवा विरघळतो तो वेगळाच. तयार दागिने हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि हलवा चिकट होतो. आणि मुंग्या लक्षात असू द्या.

बाकीचं साहित्य: पाकिटाचा छुपा खर्च

मण्यांच्या दागिन्यात खरी गळती पाकिटातून होते. तुम्हाला मणी हवेत बारा, दुकानदार देतो शंभराचं पाकीट. हुकांचं तेच, तारेच्या गुंडाळीचं तेच. दागिन्यात प्रत्यक्ष वापरलेला माल १८० रुपयांचा असला तरी दुकानात ४५० मोजावे लागतात. दोघी-तिघी मिळून खरेदी करा आणि पाकिटं वाटून घ्या. यासारखी बचत दुसरी नाही.

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी आणि रंगार गल्लीच्या पट्ट्यात मणी, दोरे, लेस, हुक मिळून जातात. पैठणीच्या कापडाचा दागिना करणार असाल तर नवं कापड घेऊ नका. ब्लाऊज शिवणाऱ्या शिंपिणीकडे काठाचे तुकडे उरलेले असतात, ते मागून घ्या. मात्र अर्जावर कापडाचं नाव खरं लिहा. कृत्रिम रेशमाच्या तुकड्याला 'अस्सल पैठणी' म्हटलंत आणि परीक्षकांत कोणी जाणकार निघालं, तर तुमचं उत्तम कामही संशयानं बघितलं जाईल.

जर्मन सिल्व्हरचंही तसंच. त्यात चांदी नसते. ते तांबं, जस्त आणि निकेलचं मिश्रण. अर्जात 'चांदी' लिहू नका. निकेलनं काहींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येतं, म्हणून कर्णफुलाचा हुक तरी चांगल्या धातूचा घ्या. खरी चांदी वापरली असेल तर दुकानाचं पक्कं बिल जोडा.

टेराकोटाला पैशापेक्षा दिवस जास्त लागतात. माती सावलीत पाच-सात दिवस पूर्ण वाळायला हवी, आत ओल राहिली तर भाजताना तुकडा फुटतो. भाजायला कुंभाराची भट्टी गाठावी लागते, आणि तो तुमच्या दोन कर्णफुलांसाठी भट्टी लावणार नाही. त्याची पुढची भट्टी कधी आहे ते आधी विचारा आणि तारखा उलट्या मोजत या. सोबत दोन नग जास्तीचे भाजा.

खास साहित्यासाठी मुंबईला भुलेश्वर-अब्दुल रहमान स्ट्रीटला जायचं का? एका स्पर्धेसाठी नाही. प्रवास, जेवण आणि मोडलेला दिवस धरला तर स्वस्त माल महागात पडतो. विक्रीचाही विचार असेल आणि चार-पाच हजारांचा माल एकदम उचलणार असाल, तरच जा.

जाण्यायेण्याचं

करमाड ते छत्रपती संभाजीनगर वीसेक किलोमीटर, जालना रोडनं सरळ. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. सोबत आधार ठेवा. सिडको बसस्थानकावर उतरून पुढे रिक्षा, आणि शेअर रिक्षा न मिळाल्यास स्वतंत्र रिक्षाचं भाडं एसटीपेक्षा जास्त होतं. खेपा धरा तीन: साहित्याची, वस्तू द्यायची, निकालाची. तिसरी सगळे विसरतात. बक्षीस समारंभ संध्याकाळी असतो, लांबतो, आणि मग परतीला खासगी गाडी करावी लागते. कार्यक्रमाची वेळ विचारून घ्या, आणि उशीर होणार असेल तर घरच्यांना घ्यायला बोलवा.

दोनशे रुपये शुल्काच्या शहरातल्या स्पर्धेचा ढोबळ अंदाज असा: शुल्क २००, साहित्य ४५०, पहिल्या दोन खेपा ३००, तिसरी १५०, डबी आणि मांडणीचा स्टँड १५०. एकूण १२५०. पहिलं बक्षीस पाचशे असेल तर जिंकूनही पदरचे साडेसातशे जातात. अनुभवासाठी जायचं तर जरूर जा, पण हा आकडा माहीत असू द्या.

बाहेरगावी वस्तू पाठवायची असेल तर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, जुनं नाव सांगून गोंधळू नका. पॅकिंगला कडक डबा, आत कापूस किंवा फोम, प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत. पावती जपा. वस्तू परत येणार का आणि परतीचं पार्सल कोणाच्या खर्चानं, हे अर्ज भरण्याआधीच विचारा. नियमांत 'प्रवेशिका परत केल्या जाणार नाहीत' असं असेल तर तुमची दागिन्याची मजुरीही खर्चात धरा.

कागदपत्रं

गावच्या स्पर्धेला नाव आणि मोबाइल नंबर पुरतो. मोठ्या स्पर्धेला आधार, एक फोटो, बँक पासबुकाची प्रत आणि रोख बक्षीस असेल तर पॅन. आधारची पूर्ण प्रत द्यायची गरज नसते. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून तेच द्या. त्यावर 'फक्त स्पर्धेसाठी' असं लिहून तारीख टाका. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

कारागीर ओळखपत्र, म्हणजे केंद्राचं 'पहचान' कार्ड, विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालय देतं. त्याला शुल्क नाही. तुम्ही खरंच हातानं काम करता का, याची पडताळणी होते. उद्यम नोंदणीही मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइटी त्यासाठी हजार-दोन हजार उकळतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे का ते बघा. पीएम विश्वकर्मा योजनेचं नाव सांगतही कोणी येईल. तिच्या १८ व्यवसायांत सोनार आहे, मण्यांचे किंवा कापडाचे दागिने करणारे नाहीत. 'सोनार म्हणून नाव घालून देतो, पाचशे द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोटी नोंद तुमच्या नावावर राहील, त्याच्या नाही.

तुमचं डिझाइन कोणाचं?

अर्जातली ही ओळ सगळ्यात बारीक अक्षरात असते आणि सगळ्यात महाग पडते: 'सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील.' सही करण्याआधी थांबा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि तुमची सही म्हणजेच ते लेखी देणं ठरू शकतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. आयोजकांना प्रसिद्धीसाठी फोटो वापरू द्यायला हरकत नाही. त्याच डिझाइनचा माल काढून विकायची परवानगी मात्र फुकट देऊ नका. ती ओळ खोडून 'फोटो प्रसिद्धीपुरते' असं लिहा आणि बाजूला सही करा. आयोजक ऐकत नसतील तर तुमचं सर्वांत चांगलं डिझाइन तिथे नेऊ नका, दुसरं न्या.

डिझाइनची सरकारी नोंदणी हवी असेल तर क्रम लक्षात ठेवा: अर्ज आधी, फोटो नंतर. डिझाइन कायदा, २००० नुसार आधीच लोकांसमोर आलेलं डिझाइन नवीन मानलं जात नाही. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो किंवा स्पर्धेच्या टेबलावर मांडलेला दागिना, दोन्हींनी तुमची संधी जाऊ शकते. व्यक्तीला आणि छोट्या उद्योगाला अर्जाचं शुल्क १,००० रुपये आहे. संरक्षण दहा वर्षांचं, नूतनीकरणानं आणखी पाच. वकील किंवा एजंट केला तर त्याची फी वेगळी, आणि ती मूळ शुल्काच्या कितीतरी पट असते. संक्रांतीच्या हारासाठी यात पडू नका. पण एकाच नमुन्याचे शेकड्यांनी नग काढायचा विचार असेल तर हे हजार रुपये टाळू नका. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलेलं नसेल आणि त्याचे पन्नासहून अधिक नग कारखानी पद्धतीनं निघाले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो.

नोंदणी करा वा न करा, काम चालू असताना फोटो काढत राहा: कागदावरचं रेखाटन, अर्धवट ओवलेला हार, पाठीमागची शिलाई. 'हे तयार आणलंय' असा आक्षेप आला तर हेच दाखवता येतात. तयार पेंडंट, तयार साखळी चालते का, तेही नियमांत शोधा. प्रवेशिका बाद होण्याचं हे मोठं कारण आहे. हुक आणि कडी बहुतेक ठिकाणी तयार चालतात, तरी विचारून घ्या.

पैसे मागायला लागले की

'अभिनंदन, तुमची निवड झाली. ट्रॉफी आणि प्रमाणपत्रासाठी ३,५०० भरा.' असा संदेश आला तर तो पुरस्कार नाही, विक्री आहे. ज्या स्पर्धेत जिंकल्यावर पैसे भरावे लागतात तिथे सगळेच जिंकतात. लाइक मोजून निकाल लावणाऱ्या स्पर्धाही सोडा. तिथे कामाचं मोल होत नाही, तुमच्या नातेवाइकांचे नंबर गोळा होतात. रोख बक्षिसावर कर लागू असेल तर आयोजक तो कापून उरलेली रक्कम देतात आणि कापल्याचं प्रमाणपत्र देतात. 'आधी कर पाठवा, मग बक्षीस' म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.

शुल्क क्यूआर कोडवर भरताना समोर कोणाचं नाव येतं ते वाचा. मंडळाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर थांबा, रोख देऊन पावती मागा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. मग करमाड पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, सोबत व्यवहार क्रमांक आणि संदेशांचे स्क्रीनशॉट. स्पर्धाच रद्द झाली आणि शुल्क परत मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.