कावळा न्यूयॉर्कचा, विषाणू कुठला?

प्रश्न : डासांमार्फत पक्ष्यांत किंवा जनावरांत पसरणारा एखादा विषाणू 'अमुक देशातून आला' असं बातम्यांत छातीठोकपणे सांगतात. तो आणणारा डास किंवा पक्षी तर कुणी पकडलेला नसतो. मग हे ठरवतात कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : छातीठोकपणा बहुतेक वेळा बातमीचा असतो. मूळ शोधनिबंध उघडला की तिथे 'सर्वांत जवळचा नातलग अमुक ठिकाणी सापडला' एवढंच लिहिलेलं असतं. या दोन वाक्यांतलं अंतर कळायला न्यूयॉर्कची १९९९ सालची गोष्ट पाहावी लागेल.

त्या ऑगस्टमध्ये क्वीन्स भागात मेंदूज्वराचे रुग्ण सापडू लागले. सरकारी तपासणीत निदान झालं सेंट लुईस मेंदूज्वराचं, आणि डास मारायची फवारणी सुरू झाली. त्याच सुमारास शहरात कावळे पटापट मरत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांच्याकडे फ्लेमिंगोही मेले. त्यांना हे निदान पटेना, कारण सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत. घोड्यांना होणारा दुसरा एक अमेरिकी मेंदूज्वर असता, तर संग्रहालयातले इमू आधी गेले असते, आणि ते तर ठणठणीत होते. म्हणजे हे तिसरंच काहीतरी होतं. सप्टेंबरअखेर उत्तर मिळालं : वेस्ट नाईल विषाणू. १९३७ साली युगांडात पहिल्यांदा सापडलेला, पण अमेरिका खंडात तोवर कधीच न दिसलेला. पुढे जगभर तुलनेसाठी वापरला गेलेला न्यूयॉर्कचा नमुना ब्राँक्समधल्याच एका फ्लेमिंगोचा आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा, जेमतेम ११,००० अक्षरांचा. नकला करताना तो चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते. टिकून राहिलेल्या चुका वर्षाला सरासरी पाचेक भरतात. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांचे पाठभेद जुळवून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे अभ्यासक जसं ठरवतात, तीच रीत इथे आहे. दोन नमुन्यांत त्याच जागी तीच चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक. चुका साचण्याचा वेग ठाऊक असला की तो पूर्वज साधारण कधी होता, हेही काढता येतं. नमुने मिळतात मेलेल्या पक्ष्यांच्या मेंदूतून, मूत्रपिंडातून, किंवा सापळ्यात सापडलेले डास एकत्र वाटून.

न्यूयॉर्कच्या विषाणूची अक्षरं जुळवली, तेव्हा सर्वांत जवळचा निघाला १९९८ साली इस्राएलमध्ये मेलेल्या एका हंसातला विषाणू. साम्य ९९ टक्क्यांहून जास्त. झालं, 'विषाणू इस्राएलहून आला' अशा बातम्या झळकल्या. पण इस्राएलने तो हंस तपासला आणि विषाणू जपून ठेवला, म्हणून तुलनेला तो हाताशी होता. ज्या देशांनी त्या वर्षी मेलेले पक्षी नुसते पुरून टाकले, त्यांची नावं या वंशावळीत येणारच कशी? विषाणू विमानातल्या डासाबरोबर आला, की विक्रीसाठी आणलेल्या पक्ष्याबरोबर, की वाट चुकलेल्या पाहुण्या पक्ष्याबरोबर, हे आजतागायत ठरलेलं नाही. अक्षरांवरून नातं कळतं, वाहन कळत नाही. 'आला' हे क्रियापद वाचलं की मी तरी आधी पाहतो, तुलनेला नमुने किती देशांचे होते.

प्रवेशानंतरचा प्रवास मात्र फार बारकाईने उलगडला आहे, कारण अमेरिकेने भरपूर नमुने गोळा केले. पाचेक वर्षांत विषाणू पॅसिफिकच्या किनाऱ्याला टेकला. वाटेत त्याचा मूळ वाण मागे पडला आणि एक नवा वाण सगळीकडे पसरला. हा नवा वाण डासाने रक्त प्यायल्यावर लवकर त्याच्या लाळेत पोचतो. डासाचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं, त्यात काही दिवस वाचले तरी पारडं फिरतं. २०२० साली सुमारे ८०० जनुकसंच नकाशावर मांडून पाहिले गेले. सर्वांची अटकळ अशी, की स्थलांतरी पक्ष्यांच्या ठरलेल्या वाटांनी विषाणूचा प्रसार आखून दिला असणार. तसा पुरावा मिळाला नाही. तापमान जास्त तिथे प्रसार वेगाने, हे मात्र दिसलं. पक्ष्यांच्या वाटांचे सुंदर बाण काढलेले नकाशे मला आवडतात, पण त्यांच्यावर जरा जपूनच विश्वास ठेवावा.

युरोपात अशीच गोष्ट उसुतू विषाणूची. २००१ साली व्हिएन्नाच्या परिसरात ब्लॅकबर्ड, म्हणजे आपल्या कस्तुराचे भाऊबंद, मोठ्या संख्येने मेले आणि आफ्रिकेतला हा विषाणू युरोपात पहिल्यांदा उघड झाला. सगळे ऑस्ट्रियालाच प्रवेशद्वार मानून चालले. पुढे कुणीतरी इटलीतल्या टस्कनीत १९९६ साली मेलेल्या ब्लॅकबर्डच्या मेणात जतन केलेल्या ऊती पुन्हा तपासल्या. त्यांत हाच विषाणू निघाला! मेणाच्या त्या चार वड्या कुणी फेकून दिल्या असत्या, तर पाच वर्षं आणि एक देश हिशेबातून गळाला असता.

आपल्याकडे वेस्ट नाईल नवा नाही. मुंबईत माणसांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं १९५२ सालीच आढळली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जपलेल्या जुन्या भारतीय नमुन्यांचा जनुकसंच वाचला, तेव्हा त्यांची शाखा इतकी वेगळी निघाली की तिला पाचवी वंशशाखा म्हणतात. न्यूयॉर्कचा विषाणू पहिल्या शाखेतला. २०११ साली केरळात आलप्पुळ भागात मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हा तो आपला जुनाच विषाणू असेल असं कुणालाही वाटलं असतं. अक्षरं वाचल्यावर कळलं, की तो पहिल्या शाखेतला होता. नुसत्या प्रतिपिंडांच्या चाचणीत दोन्ही सारखेच दिसले असते.