बलोपासना आणि मनःस्वास्थ्य
कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तालमीची ही परंपरा गौरवास्पद होय. तथापि व्यायामाचे मोल केवळ दंडाच्या घेरावरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. श्रमलेले स्नायू विश्रांतीत भरून येतात. म्हणून झोप व सुटी हीदेखील व्यायामाचीच अंगे होत. एक दिवस चुकताच अपराधी वाटणे, दुखापत लपविणे, जेवण टाळणे ही मनावरील ताणाची चिन्हे असू शकतात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा तरुणाची थट्टा न करता त्याची विचारपूस करावी आणि 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्यास कळवावा.