धातू आणि संमिश्र पदार्थ यांचा सांधा

लोखंडास लोखंड जोडण्याची विद्या आपल्या गावोगावच्या कारागिरांना अवगत आहे. कडा वितळतात आणि निवताना एकजीव होतात. परंतु कार्बनचे तंतू राळेत बसवून तयार केलेला संमिश्र पदार्थ ॲल्युमिनियमला जोडावयाचा असल्यास ही रीत चालत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. राळ त्यापूर्वीच करपून जाते.

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे विमानउद्योगावरून ध्यानात येईल. २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. त्याच्या तळाच्या संमिश्र तुळया नागपूरच्या मिहान प्रकल्पातील कारखान्यात तयार झालेल्या आहेत. वजन घटले की इंधन वाचते. मात्र धातूशी सांधा करावाच लागतो.

यात दोन अडचणी आहेत. तापमान शंभर अंशांनी वाढल्यास एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर लांबते, तर कार्बन तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ तसेच राहतात. त्यामुळे सांध्यावर ताण येतो. शिवाय ओलावा असताना कार्बनच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम लवकर गंजते. म्हणून मध्ये काचतंतूंचा थर देतात, किंवा टायटॅनियम वापरतात.

जोडण्याच्या रीती मुख्यतः तीन. रिव्हेट किंवा बोल्ट मारल्यास सांधा तपासता येतो, पण छिद्रामुळे तंतू तुटतात. डिंकासारख्या आसंजकाने भार सर्वत्र पसरतो, परंतु पृष्ठभाग अत्यंत स्वच्छ लागतो. तिसरी रीत वेल्डिंगची. तापवल्यावर मऊ होणारे प्लास्टिक राळेच्या जागी असेल, तरच ती शक्य होते. घर्षणाने अथवा लेसरने धातू तापवितात. प्लास्टिक वितळून धातूच्या मुद्दाम खरबरीत केलेल्या पृष्ठभागात शिरते आणि घट्ट बसते. येथे धातू वितळतच नाही.

१९८८ मध्ये हवाई बेटांवर एका प्रवासी विमानाचे छत उड्डाणात उडून गेले व एक सेविका मृत्युमुखी पडली. तेथील चिकटवलेले सांधे धातूचेच होते. ते सुटले, गंजले आणि रिव्हेटांपाशी तडे गेले. दोष वेळीच हेरला गेला नव्हता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी पृष्ठभागाची सफाई व सांध्याची तपासणी यांस जोडकामाइतकेच महत्त्व द्यावे, ते याच कारणासाठी.